बेटावरची सुटी आणि फडावरचा खाडा

दिवाळी तोंडावर आली की जालना जिल्ह्यात दोन हंगाम एकाच वेळी सुरू होतात. लोखंड, बियाणे आणि मोसंबी यांच्या व्यापारावर सुखवस्तू झालेल्या शहरी कुटुंबांच्या हाती परदेशी सहलींच्या रंगीत पत्रिका पडू लागतात, आणि त्याच पंधरवड्यात मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवर टोळ्या भरण्याची मुकादमांची घाई शिगेला पोहोचते. पहिल्या हंगामात सात दिवसांची सुटी विकली जाते. दुसऱ्या हंगामात पाच-सहा महिन्यांची माणसेच विकत घेतली जातात. या दोन व्यवहारांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे ते करणाऱ्यांना वाटत नाही. संबंध आहे, आणि तो दाखवण्यासाठी पत्रिकेत मानाचे स्थान मिळवणाऱ्या मॉरिशस या बेटाइतके चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मॉरिशसला जाऊन काय पाहावे आणि काय करावे, याची यादी आता बहुतेकांना पाठ झाली आहे. शामारेलची सातरंगी माती, पाम्पलमूसच्या बागेतील थाळ्याएवढ्या पानांची कमळे, क्युरपिप गावातील मृत ज्वालामुखीचे विवर, ब्लू बेमध्ये काचेच्या तळाच्या होडीतून दिसणारी प्रवाळे, ‘इल ओ सेर्फ’ची पांढरी वाळू, आणि भाविकांसाठी गंगा तलावाकाठची १०८ फूट उंचीची शिवमूर्ती. बो प्लां येथील जुन्या साखर कारखान्याचे संग्रहालय झाले आहे. तेथे निरनिराळ्या प्रतींच्या साखरेची आणि उसाच्या मद्याची चव घेता येते. यादी खोटी नाही. निसर्गाने त्या बेटाला भरभरून दिले आहे, आणि ते पाहून माणसाचे मन प्रसन्न होत असेल तर त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते हे की, ज्या पिकावर ते बेट उभे राहिले आणि ज्या माणसांनी ते पीक उभे केले, त्यांचा उल्लेख या यादीत केवळ चवीपुरता येतो.

यादीबाहेरची ठिकाणे

पोर्ट लुई बंदरावर ‘आप्रवासी घाट’ नावाची एक दगडी वास्तू आहे. २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. सहलीच्या कार्यक्रमात ती असलीच तर बाजारहाटाला जाता जाता दाखवली जाते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ हिंदी मजूर त्या बंदरावर उतरले. त्यानंतरच्या पाऊणशे-ऐंशी वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर तेथे नेण्यात आली. त्यांतली बरीचशी कलकत्त्याहून गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकण आणि दक्षिण महाराष्ट्रातील मराठी माणसे होती. त्यांच्या वंशजांनी आपली भाषा, गणेशोत्सव आणि झाकरीचा नाच आजतागायत टिकवून धरला आहे. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. ही माणसे तेथे गेली कशी आणि राहिली कशी, हे मात्र तितक्या अभिमानाने सांगत नाही.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली. ब्रिटिश सरकारने सर्व वसाहतींतील गुलामांच्या मालकांना भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर केले. त्यांपैकी वीस लाखांहून अधिक पौंड एकट्या मॉरिशसच्या मालकांच्या पदरी पडले. गुलामांना भरपाई मिळाली नाहीच, उलट उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षे त्याच मालकांकडे राबावे लागले. मालकांच्या हाती अशा रीतीने भांडवल आले. उणीव होती ती स्वस्त आणि बांधील श्रमाची. ती उणीव हिंदुस्थानातील दुष्काळाने, कर्जाने आणि दलालाने भरून काढली. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात याला उत्पादन घटकांचे स्थलांतर म्हणता येईल. मजुरांनी त्याला ‘गिरमिट’ म्हटले, आणि तोच शब्द इतिहासात टिकला.

नैर्ऋत्येच्या टोकाला ल मॉर्न नावाचा उभा कडा आहे. पळालेले गुलाम त्याच्या कपारींत आश्रय घेत. मुक्तीची वार्ता घेऊन येणाऱ्या शिपायांना पाहून, आपल्याला पुन्हा पकडायला आले आहेत असे समजून, त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका आहे. २००८ साली हाही कडा जागतिक वारसा ठरला. आज त्याच्या पायथ्याशी श्रीमंती हॉटेले आहेत, आणि पत्रिकेत तो छायाचित्राची उत्तम पार्श्वभूमी म्हणून येतो.

दुहेरी कपात

गिरमिटाच्या अटी नीट समजून घेणे प्रत्येक ऊसपट्ट्यातील कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. करार साधारण पाच वर्षांचा. महिन्याला पाच रुपये मजुरी आणि वर शिधा. निघण्यापूर्वी काही महिन्यांच्या पगाराची आगाऊ रक्कम, म्हणजे नंतर अंगावर फिरणारे कर्ज. टोळीवर एक ‘सिरदार’, तोही मजुरांतूनच वर काढलेला. आणि या साऱ्यांच्या मुळाशी ‘दुहेरी कपात’ नावाचे कलम. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर त्या दिवसाची मजुरी बुडेच. शिवाय आणखी एका दिवसाची मजुरी दंड म्हणून कापली जाई. आजारी माणसाचे महिन्याकाठी मालकालाच देणे निघे. करार संपवून मोकळा झालेला मजूरसुद्धा मोकळा नव्हता. १८६७ च्या कायद्याने त्याला छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास पोलीस त्याला भटक्या म्हणून धरीत.

आता ही कागदपत्रे मिटून ठेवावीत आणि जालना जिल्ह्यातून ज्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात त्यांचा करार पाहावा. तो बहुधा कागदावर नसतोच. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. कायदा ज्यांना दोन माणसे म्हणतो, त्यांना हिशेबाची वही एक अवजार म्हणते. एका कोयत्याची उचल आता लाखाच्या आसपास जाते. ती लग्नात, दवाखान्यात, बी-बियाण्यात किंवा आधीच्या हंगामाची बाकी फेडण्यात पावसाळ्यातच संपलेली असते. टोळीवर मुकादम, तोही पुष्कळदा कधीकाळी कोयता धरलेला. आणि एक दिवस काम चुकले, मग ते तापामुळे असो, मूल आजारी पडल्यामुळे असो की बाईच्या पाळीच्या वेदनांमुळे असो, तर ‘खाडा’. त्या दिवसाची कमाई तर जातेच. वर पाचशे रुपये किंवा त्याहूनही अधिक दंड उचलीत चढतो.

हिशेब सरळ आहे. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात ३४ टक्के दरवाढीचा समझोता झाला, आणि तोडणीचा दर टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला. पहाटे तीन-चारला उठून एका जोडप्याने दिवसाकाठी दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या आणि गाडीत भरला, तर दोघांची मिळून कमाई होते ७३२ रुपये. दीड टन झाला तर ५४९. एका खाड्याने ही रक्कम बुडते आणि जवळजवळ तेवढीच अंगावर चढते. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीची दुहेरी कपात मॉरिशसच्या कायद्यातून केव्हाच गेली. महाराष्ट्राच्या सहकाराच्या छायेत ती सुखाने नांदते आहे. मॉरिशसमध्ये ती निदान कायद्यात लिहिलेली होती, म्हणून तिच्याविरुद्ध लढता आले. येथे ती कोठेच लिहिलेली नाही, म्हणून ती अस्तित्वातच नाही असे शपथेवर सांगता येते.

या खाड्याची किंमत केवळ रुपयांत मोजली गेलेली नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढल्याचे निष्पन्न झाले. पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकावा, ही वेळ ज्या अर्थव्यवस्थेत येते तिला सहकारी म्हणायचे की आणखी काही, याचे उत्तर सहकार महर्षींच्या वारसांनी द्यावे. बीड आणि जालना यांच्यामध्ये गोदावरीचे पात्र आहे; वहीची पद्धत दोन्ही तीरांवर एकच आहे.

‘राजीखुशी’चा युक्तिवाद

यावर ठरलेले उत्तर येते. मजुराला कोणी जबरदस्तीने नेत नाही. तो राजीखुशीने उचल घेतो. उलट काही मजूर उचल घेऊन पळून जातात आणि मुकादमच बुडतो. यांतले शेवटचे विधान काही वेळा खरेही असते. छोटा मुकादम कारखान्याच्या वाहतूक कंत्राटात स्वतःची जमीन गुंतवून बसलेला असतो, आणि टोळी फुटली तर तोही देशोधडीला लागतो. पण यावरून सिद्ध काय होते? एवढेच की, सगळी जोखीम खालच्या दोन पायऱ्यांवर ढकलून तिसरी पायरी, म्हणजे कारखाना, कोरडीच राहते. मजूर कोणाचा, असे विचारले की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. सहा महिने राबणारा माणूस कोणाच्याच हजेरीपटावर नसतो.

राहिला राजीखुशीचा प्रश्न. मॉरिशसचे मळेवालेही हेच म्हणत असत. मजुराने दंडाधिकाऱ्यासमोर अंगठा उमटवला आहे, त्याच्या गावी त्याला याहून कमी मिळत होते, तेव्हा तक्रार कसली? १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या सहृदय युरोपियनाच्या साह्याने ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला, तेव्हा मळेवाल्यांनी द प्लेवित्झ यांनाच बेटावरून हाकलण्याची मागणी केली. तरीही चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला. १९०१ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतताना मॉरिशसला थांबले होते. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर तेथे पोहोचले आणि मजुरांची वकिली करू लागले. १९१२ मध्ये नामदार गोखले यांनी केंद्रीय कायदे कौन्सिलात गिरमिट पद्धत सर्वस्वी बंद करण्याचा ठराव मांडला. करार करणाऱ्या दोन पक्षांचे बळ अत्यंत विषम असेल, आणि एका पक्षाला कराराचा अर्थही ठाऊक नसेल, तर त्या कराराला स्वातंत्र्याचे नाव देता येत नाही, ही त्यांच्या प्रतिपादनाची दिशा होती. सरकारी मतांच्या बळावर ठराव फेटाळला गेला. पण काही वर्षांतच ती पद्धत सरकारला गुंडाळावी लागली. गोखले अर्थशास्त्र जाणणारे प्राध्यापक होते आणि राजकारणात मवाळ होते. त्या मवाळाला जे १९१२ साली दिसले ते आजच्या जहालांना दिसू नये, हे नवल आहे.

ज्याच्यासमोर दुसरा मार्ग आहे त्याची संमती ही संमती. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी ज्या शिवारांत पोहोचते तेथे ऊस उभा राहतो. ज्या शिवारांत पोहोचत नाही तेथून ऊस तोडणारी माणसे उभी राहतात. १९७२ चा दुष्काळ असो की मोसंबीच्या बागा जाळणारा २०१२-१३ चा, कोरडवाहू शेतकऱ्याला खरिपानंतर गावात काम नसते. त्याची ‘राजीखुशी’ पावसाच्या आणि कालव्याच्या नकाशावरून आधीच ठरलेली असते.

पुतळा आणि पोट

एप्रिल २०२३ मध्ये मॉरिशसमध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्यासाठी तेथे गेले होते, आणि तेथील महाराष्ट्र भवनासाठी राज्य शासनाने निधीही जाहीर केला. दूरदेशी दीडशे वर्षे मराठी जपणाऱ्या बांधवांना मातृभूमीने हात द्यावा, याला कोणाचा विरोध असणार? विरोध आहे तो अर्धवट स्मरणाला. रयतेच्या पिकाला सैन्याची तोशीस लागू नये म्हणून अधिकाऱ्यांना ताकीद देणाऱ्या राजाचा पुतळा उसाच्या बेटावर उभा करायचा, आणि त्याच मराठी मुलखातील उसाच्या फडात खाडा चालू ठेवायचा, हा स्मरणाचा नव्हे, विस्मरणाचा सोहळा आहे. याच २०२३ सालात ऊसतोड मजुरांच्या स्थितीची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, ही गोष्ट त्या सोहळ्याच्या भाषणांशेजारी ठेवून पाहावी.

शिवाय मॉरिशसच्या मराठी माणसाने आपल्या बळावर काय मिळवले, हेही आपले नेते सांगत नाहीत. १९३६ साली तेथे मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ मध्ये उसाच्या भावासाठी आणि मजुरीसाठी उठाव झाला, तेव्हा मजूर आणि छोटे शेतकरी गोळ्यांना बळी पडले. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल या मळ्यावर पोलिसांनी गोळीबार केला, आणि मृतांत अंजली कुपेन नावाची गरोदर मजूर स्त्री होती. आज तेथील क्रीडांगणाला तिचे नाव आहे. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला; दांडीयात्रेच्या आरंभाची तीच तारीख. भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी, क्रिओल, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्व कष्टकऱ्यांनी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावला, म्हणून मळ्यातील मजुराचे मूल शाळेत गेले. त्या बेटाला आजही वर्गभेदाने सोडलेले नाही. युरोपने साखरेला दिलेले हमीभाव गेल्यावर जुन्या मळेवाल्यांनी उसाच्या जमिनीवर परदेशी धनिकांसाठी बंगले आणि हॉटेले उभारली, आणि साखरेचे भांडवल पर्यटनाचे भांडवल झाले. पण तेथील कष्टकऱ्याची जिद्द संपलेली नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘वाकाशिओ’ या फुटलेल्या जहाजाचे तेल आग्नेय किनाऱ्यावर पसरले, तेव्हा सामान्य नागरिकांनी उसाचे पाचट भरून तरंगते बांध शिवले आणि समुद्र अडवला. उसाने ज्यांना वेठीला धरले त्यांनीच उसाच्या पाचटाने आपला किनारा राखला.

सुटी कोणाची?

येथे काही कार्यकर्त्यांना वाटेल की, सहल म्हणजे चैन, आणि चैनीचा निषेध केला की समाजवादी भूमिका पूर्ण झाली. ही समजूत सोडून दिली पाहिजे. विश्रांतीवर माणसाचा हक्क आहे, आणि तो हक्क कामगार चळवळीने रक्त आटवून मिळवला आहे. १९३६ साली फ्रान्समध्ये लेऑं ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, आणि ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशी लाखो कुटुंबे त्या उन्हाळ्यात घराबाहेर पडली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने भरपगारी रजेचा करार संमत केला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत ही अट १८० दिवसांवर आली आहे. चांगले आहे. पण ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याचे दिवस मोजणार कोण? जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांपुढे उभा असलेला परप्रांतीय कंत्राटी कामगार असो की फडावरचा कोयता, कायद्यातली रजा त्याच्यापर्यंत येता येता कंत्राटदाराच्या दारात थांबते.

म्हणून सुखवस्तू जालनाकराने मॉरिशसला जाऊ नये, अशी मागणी नाही. मागणी अशी आहे की, जो सात दिवस समुद्रकाठी बसू शकतो त्याच्या जिल्ह्यात एक दिवस तापाने झोपलेल्या बाईला दंड होता कामा नये. सुटी ही काहींची खरेदी न राहता सर्वांचा हक्क व्हावी, हाच खरा प्रश्न आहे.

काय पाहावे, काय करावे

तेव्हा पत्रिकेच्या यादीला एक पर्यायी यादी जोडणे आवश्यक आहे. जो मॉरिशसला जाईल त्याने आप्रवासी घाटावर अर्धा दिवस द्यावा आणि साखरेची चव घेताना दुहेरी कपातीची आठवण ठेवावी. जो जाणार नाही, त्याला पाहण्यासाठी जिल्ह्यातच पुष्कळ आहे. दिवाळीनंतर रिकामे पडलेले तांडे पाहावेत, कुलूप लागलेली घरे आणि त्यांच्या ओट्यावर राखणीला ठेवलेले म्हातारे पाहावेत, पटावर नाव असून वर्गात नसलेली मुले पाहावीत.

आणि करण्यासारखे तर त्याहून अधिक आहे. पहिली गोष्ट, टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक कोयत्याचा लेखी करार व्हावा, त्यावर कारखान्याची मालक म्हणून सही असावी, आणि नवरा व बायको यांची नावे व मजुरी स्वतंत्र लिहिली जावी. दुसरी, खाड्याचा दंड बेकायदा ठरवून त्याची वसुली हा फौजदारी गुन्हा व्हावा. तिसरी, आजारपण, पाळी आणि बाळंतपण यांची पगारी रजा हंगामी मजुरालाही मिळावी, आणि तिचा खर्च टनामागे उपकर लावून कारखान्यांकडून घ्यावा. चौथी, मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे कागदावर न राहता हंगामाच्या पहिल्या दिवशी उघडी असावीत. पाचवी आणि मूलभूत गोष्ट, खरिपानंतर गावातच काम मिळण्याची हमी. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा विचार देशाला दिला. ज्या मातीतून तो उगवला तिथेच तो वाळू देता कामा नये. गावात काम असेल तर उचल घ्यावी की नाही हे मजूर स्वतः ठरवील, आणि तेव्हाच त्याच्या राजीखुशीला अर्थ येईल.

यांतली एकही मागणी क्रांतिकारक नाही. मॉरिशसच्या अडाणी ठरवलेल्या ९,४०१ मजुरांनी याच जातीच्या मागण्या १८७१ साली एका अर्जावर अंगठे उमटवून केल्या होत्या. जालना जिल्ह्यातील आठही तालुक्यांत पक्षाच्या शाखांनी पुढील हंगामापूर्वी असा अर्ज तयार करावा, तांड्या-तांड्यांवर तो वाचून दाखवावा, आणि खाड्याच्या नोंदी असलेल्या वह्यांच्या नकलांसह तो जिल्हाधिकारी कचेरीत न्यावा. साडेनऊ हजार सह्या जमवणे ज्या चळवळीला बेटावर, परक्या राज्यात, परवाने खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसांकडून शक्य झाले, ते स्वतंत्र देशात, आपल्या गावात अशक्य आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही कार्यकर्त्याला नाही.